जुन्या एचटीएमएल फाइलींतून बाजारभाव कसे काढायचे: पायथनने, पहिल्यापासून शेवटपर्यंत

आमच्या गावात, दारव्हा तालुक्यात, शेतकरी गटाचं एक छोटं ऑफिस आहे आणि तिथं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोरांनी २०१७ पासून एक काम इमानदारीनं केलं, रोज संध्याकाळी बाजार समित्यांच्या भावाचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं आणि 'सेव्ह ॲज' करून ठेवायचं. पोरं बदलली, कॉम्प्युटर दोनदा बदलला, फाइली मात्र एका पेनड्राईव्हवरून दुसऱ्यावर जात राहिल्या. यंदा दिवाळीच्या आधी शेजारचे काकाजी आले आणि म्हणाले, "बाबू, एवढ्या वर्षाचे भाव तुमच्यापाशी पडून आहेत, मले एवढंच सांग, कापूस दिवाळीले विकला तं परवडला का मार्चपर्यंत घरी ठेवला तं?"

प्रश्न साधा होता आणि उत्तर त्या फाइलींतच होतं, पण फाइली दीड हजाराच्या वर, आणि कोणत्या फाइलीत भाव आहे, कोणत्यात नुसत्या जाहिराती, कोणत्यात मराठीच्या जागी नुसती गिचमिड, काही पत्ता नाही. हाताने उतरवायला बसलो असतो तर पुढची दिवाळी आली असती. मग पायथनने केलं. त्यात जे शिकलो ते सगळं क्रमाने लिहितोय, कारण मराठी पानं साफ करताना ज्या अडचणी येतात त्यावर मराठीत कुठं काही सापडत नाही आणि इंग्रजी लेखांमध्ये आपल्या काना-मात्रेचा विचारच नसतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. आज्ञांची नावं मी इथं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीत, एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. दोन शब्दांत अंडरस्कोर असेल तिथं तसं सांगेन.

तयारी

लॅपटॉप साधा चालतो, माझा चार जीबी रॅमचा आहे. पायथन त्यांच्या अधिकृत साइटवरून घ्या आणि विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली 'ॲड टू पाथ' असा चौकोन असतो त्यावर टिक करा, ती राहिली की नंतर कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडतच नाही आणि लोक तिथंच सोडून देतात. मग कमांड प्रॉम्प्टवर 'पिप इन्स्टॉल' या आज्ञेने दोन लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, आणा, ब्यूटिफुलसूप४ आणि एलएक्सएमएल. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सहज उतरतात, फार डेटा जात नाही. इन्स्टॉल करताना नाव ब्यूटिफुलसूप४ असं पूर्ण लिहायचं पण प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करताना बीएस४, हा फरक लक्षात ठेवा.

ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी लिओनार्ड रिचर्डसन यांनी २००४ मध्ये काढली. कशीही लिहिलेली, अर्धवट टॅगची (टॅग म्हणजे एचटीएमएलमधल्या कोनी कंसातल्या खुणा) पानं ती वाचून देते. आपल्याकडे सूप म्हटलं की पाखडायचं सूप, आणि काम खरंच तेच आहे, दाणा एकीकडे आणि फोलपट एकीकडे. फक्त पाखडताना दाणा उडाला तर समोर दिसतो, इथं दिसत नाही, म्हणून पुढची सगळी काळजी.

तीन फोल्डर करा: 'मूळ', 'काम' आणि 'निकाल'. पेनड्राईव्हवरच्या फाइली 'मूळ' मध्ये कॉपी करा आणि सगळ्या निवडून प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्ली करा. प्रोग्राम 'मूळ' मधून फक्त वाचेल, लिहील दुसरीकडेच. हे मी जीव तोडून सांगतोय. पहिल्या वेळेस मी साफ केलेल्या फाइली त्याच नावाने त्याच जागी लिहिल्या होत्या आणि त्यात काय गेलं ते पुढं येईलच, पेनड्राईव्हवर जुनी कॉपी होती म्हणून वाचलो.

आधी डोळ्यांनी पाहा

प्रोग्राम लिहायच्या आधी वेगवेगळ्या वर्षांच्या दहा-बारा फाइली नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडून पाहा. ब्राउझरमध्ये पाहून भागत नाही, कारण ब्राउझर चुका झाकतो. पानात टॅग बंद केलेला नसला तरी तो मनानेच बंद करून नीट दाखवतो, आणि राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' केलं तर त्यात प्रत्येक टेबलच्या आत टीबॉडी नावाचा टॅग दिसतो जो मूळ फाइलीत बरेचदा नसतोच, ब्राउझरने घातलेला असतो. तिथून पत्ता कॉपी करून प्रोग्राममध्ये टाकला की 'काहीच सापडलं नाही' असं उत्तर येतं आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

आमच्या ढिगात तीन प्रकार निघाले. बहुतेक फाइली ब्राउझरमधून सेव्ह केलेल्या. काही वर्डमध्ये तयार करून वेब पेज म्हणून सेव्ह केलेल्या, ज्यात एका ओळीच्या मजकुराला वीस ओळींची स्टाइल असते आणि क्लासच्या नावात जिथं तिथं 'एमएसओ' येतं. आणि शंभरेक फाइली जुन्या फॉन्टमधल्या, त्यांचं दुखणं वेगळं. तुमच्या ढिगात कोणते प्रकार आहेत ते कागदावर लिहून काढा, प्रत्येकाला औषध वेगळं लागतं.

फाईल वाचणे आणि गिचमिड

फाईल उघडताना मजकूर म्हणून उघडू नका, 'आरबी' मोडमध्ये उघडा म्हणजे कच्चे बाइट मिळतात, आणि ते बाइट तसेच ब्यूटिफुल सूपला द्या. ती फाइलीच्या सुरुवातीची खूण पाहते, मेटा टॅगमध्ये लिहिलेलं एन्कोडिंग (कोणते बाइट म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता) पाहते आणि काहीच नसेल तर अंदाज लावते. काय धरलं ते 'ओरिजिनल एन्कोडिंग' या गुणधर्मात दिसतं, मधे अंडरस्कोर. ते प्रत्येक फाइलीसाठी छापून घ्या. यूटीएफ-८ च्या ऐवजी विंडोज-१२५२ दिसलं आणि पान मराठी असेल तर समजा गडबड आहे, तेव्हा 'फ्रॉम एन्कोडिंग' मध्ये, इथंही अंडरस्कोर, स्वतः यूटीएफ-८ सांगा.

ही गिचमिड का होते ते समजून घेतलं तर पुढं कामाला येतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, क तीन बाइट, काना तीन बाइट, हलन्त तीन बाइट. पहिला बाइट सगळ्यांचा एकच. विंडोज-१२५२ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर, म्हणून आपलं एक चिन्ह तीन विचित्र चिन्हं होऊन दिसतं आणि प्रत्येक तिघांतलं पहिलं तेच, इंग्रजी ए वर तिरकी रेघ. पानभर ती तिरक्या रेघेची ए दिसली की ओळखायचं, मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलाय.

आता खरी मेख. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइट असे आहेत ज्यांना अक्षरच दिलेलं नाही, आणि आपल्या हलन्ताचा तिसरा बाइट नेमका त्या पाचांतला एक आहे. तसाच पहिल्या उकाराचा, तसाच ए, ऐ आणि झ यांचा. म्हणजे कोणी चुकीच्या एन्कोडिंगने वाचताना एरर येऊ नये म्हणून 'एरर्स इग्नोर' लिहिलं तर कापूस, तूर, सोयाबीन परत दुरुस्त होतात पण ज्वारीचा हलन्त गेला, भुईमुगाचा उकार गेला, आणि गेला तो गेला. मला आधी वाटलं प्रोग्राममध्ये कुठंतरी ज्वारीच्या ओळीतच चूक आहे, दोन रात्री शोधत होतो. म्हणून 'एरर्स इग्नोर' कधीच लिहू नका, एरर येऊ द्या, ती फाईल बाजूला काढा आणि कच्च्या बाइटपासून परत सुरू करा. मूळ फाईलच तशी गिचमिड सेव्ह झालेली असेल तर एफटीएफवाय नावाची लायब्ररी आहे, ती असले उलटे-पालटे प्रकार ओळखून बरंच काही परत आणते.

तपासणीसाठी एक छोटं फंक्शन लिहून ठेवा, पानातल्या एकूण अक्षरांपैकी देवनागरी किती ते मोजायचं. युनिकोडमध्ये देवनागरी ०९०० ते ०९७फ या पट्ट्यात आहे, हे आकडे सोळाच्या पद्धतीतले, शेवटचं फ म्हणजे इंग्रजी एफ. मराठी पानात हे प्रमाण अगदीच कमी आलं तर फाइलीचं नाव 'संशयित' यादीत.

पार्सर एकच धरा

ब्यूटिफुल सूप स्वतः टॅग वाचत नाही, आतून पार्सर, म्हणजे टॅग वाचून त्यांची मांडणी लावणारा प्रोग्राम, वापरते. तीन आहेत. पायथनसोबत येणारा एचटीएमएल डॉट पार्सर, वेगवान एलएक्सएमएल, आणि ब्राउझरसारखंच वाचणारा पण लय हळू चालणारा एचटीएमएल५लिब. मी एलएक्सएमएल वापरतो. कोणताही वापरा पण नाव लिहूनच वापरा, कारण नाव दिलं नाही तर तुमच्या मशीनवर जो असेल तो ती घेते, आणि तुटक्या टॅगचं पान तिघं तीन तऱ्हेनं जोडतात. माझ्या लॅपटॉपवर ज्या फाइलीतून बारा ओळी निघायच्या तिथून गटाच्या कॉम्प्युटरवर अकराच निघाल्या, कारण तिथं एलएक्सएमएल टाकलेलाच नव्हता.

आणि रेगेक्सने, म्हणजे अक्षरांचा साचा देऊन मजकूर शोधायच्या पद्धतीने, टॅग कापायच्या भानगडीत पडू नका. टेबलात टेबल आलं की रेगेक्सला कोणता शेवट कोणाचा ते कळत नाही. रेगेक्स वापरायचा तो टॅगमधून मजकूर बाहेर आल्यावर, आकडे आणि तारखा ओळखायला.

काय काढायचं, काय ठेवायचं

स्क्रिप्ट, स्टाइल, नोस्क्रिप्ट आणि आयफ्रेम हे चार टॅग 'फाइंड ऑल' ने शोधा, मधे अंडरस्कोर, आणि प्रत्येकावर 'डिकंपोज' चालवा म्हणजे आतल्या मजकुरासकट जातात. वर्डच्या फाइलींमध्ये कॉमेंटच्या आत अख्खी पानं दडलेली असतात, त्याही कॉमेंट प्रकार ओळखून काढा.

जो टॅग नको पण आतला मजकूर हवा, जसं स्पॅन किंवा फॉन्ट, त्यावर 'अनरॅप'. टरफल जातं, दाणा राहतो. पण थांबा, फॉन्ट टॅगला आत्ताच हात लावू नका.

जुन्या फॉन्टच्या फाइलींचं असं आहे की त्यात मराठी नसतंच. फाइलीत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. कृतिदेवमध्ये कापूस लिहिलेला असेल तर फाइलीत प्रत्यक्षात डी, के, आय, डब्ल्यू, एल अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. डी म्हणजे क, के म्हणजे काना, आय म्हणजे प, डब्ल्यू म्हणजे दुसरा ऊकार, एल म्हणजे स. श्रीलिपीत, शिवाजी फॉन्टमध्ये ही अक्षरं वेगळी. कोणता तक्ता लावायचा हे फक्त एका जागी लिहिलेलं असतं, फॉन्ट टॅगच्या 'फेस' मध्ये. मी पहिल्या वेळेस कचरा समजून सगळे फॉन्ट टॅग एका झटक्यात अनरॅप केले आणि शंभर फाइलींमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं उरली, कोणती खरी इंग्रजी, कोणती कृतिदेव, कोणती दुसऱ्या फॉन्टची, सांगायला काहीच उरलं नाही. ज्याला आपण फोलपट समजलो त्यातच चावी होती.

म्हणून आधी सगळ्या फाइलींमधल्या फॉन्ट टॅगचे फेस मोजून यादी करा. स्टाइलमध्ये 'फॉन्ट-फॅमिली' लिहिलेली असते तीही पाहा, आणि हे स्टाइल टॅग काढायच्या आधी. जुना फॉन्ट दिसला की त्या टॅगच्या आतला मजकूर तिथल्या तिथं युनिकोडमध्ये बदला आणि मगच अनरॅप करा. रूपांतराचे तक्ते तयार मिळतात, पण स्वतः लिहिले तर तीन गोष्टी सांभाळा. एक, तक्त्यातली लांब जोडी आधी बदला, म्हणजे दोन-तीन अक्षरांनी बनणारा त्र किंवा क्ष सुट्या अक्षरांच्या आधी. दोन, पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, तर तिला उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यावं लागतं. तीन, रफार त्याच्या उलट, जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी.

काप आणि ूस

हे मी स्वतः पाहिलं नसतं तर विश्वास बसला नसता. वर्डमधून आलेल्या एका फाइलीत कापूस हा शब्द दोन स्पॅनमध्ये तुटलेला होता, एकात 'काप' आणि दुसऱ्यात ऊकार आणि स. ब्राउझरमध्ये व्यवस्थित कापूस दिसतो. पण टॅगमधला मजकूर काढणाऱ्या 'गेट टेक्स्ट' ला, मधे अंडरस्कोर, तुकड्यांत जागा सोडायला सांगितलं की बाहेर येतं 'काप ूस', ऊकार बिचारा एकटा, आणि तुमच्या कापसाच्या यादीतून ती ओळ गायब. उलट 'स्ट्रिप ट्रू' लावलं तर प्रत्येक तुकड्याच्या कडेची जागा जाते आणि 'लांब धागा' चं 'लांबधागा' होतं.

यावर मी असं करतो. सेलच्या आत जेवढे बीआर (नवीन ओळीचे) टॅग असतील ते सगळे आधी एका मोकळ्या जागेने बदलायचे. मग गेट टेक्स्टला काहीच न सांगता मजकूर घ्यायचा, तुकडे जसे आहेत तसे चिकटतात. शेवटी स्प्लिट करून एका जागेने परत जॉइन, म्हणजे चार-चार स्पेस, नवीन ओळी आणि न तुटणारी जागा हे सगळं एका स्पेसवर येतं. साफ केलेली एचटीएमएल फाईलच हवी असेल तर अनरॅपनंतर 'स्मूद' चालवा, शेजारचे तुकडे एक होतात, आणि फाईल लिहिताना 'प्रिटिफाय' वापरू नका, तो मधे मधे नवीन ओळी घालतो आणि त्या ब्राउझरमध्ये जागा होऊन दिसतात. सरळ स्ट्रिंग करून यूटीएफ-८ मध्ये लिहा.

आता न दिसणारी अक्षरं. इंटरनेटवर तयार रेगेक्स मिळतो जो २००बी ते २००एफ पर्यंतची सगळी अदृश्य अक्षरं उडवतो, आणि इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. पण त्यात २००डी आहे, तो आपला जोडक, अक्षरं कशी जोडून दाखवायची ते सांगणारं चिन्ह, आणि खूप जुन्या मराठी पानांत शेतकऱ्यांना हा शब्द साधा र, हलन्त, जोडक, य असा लिहिलेला असतो. जोडक उडाला की होतं 'शेतकर्यांना'. वाचणाऱ्याच्या डोळ्यात खुपतं ते, आणि शोधायला गेलं की सापडत नाही. म्हणून उडवायचे ते २००बी आणि फाइलीच्या तोंडाशी येणारा एफईएफएफ, हे दोनच. आणि र, हलन्त, जोडक ही तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, म्हणजे दोन्ही तऱ्हेचं लिखाण एक होईल. त्यावर 'एनएफसी' नॉर्मलायझेशन चालवलं की र खाली नुक्ता असा तोडून लिहिलेला ऱ सुद्धा एकसंध होतो. पण उलट बाजूने सगळेच र्य धरून ऱ्य करू नका, अमरावती जिल्ह्यातलं दर्यापूर आहे, तिथं खरा रफार आहे.

टेबल शोधणे आणि रोस्पॅन

पानावर दहा टेबलं असतात, कारण जुन्या पानांची अख्खी मांडणीच टेबलवर असायची. 'तिसरं टेबल घे' असं लिहू नका, पुढच्या वर्षी वर एक जाहिरात आली की तेच चौथं होतं. टेबलच्या मजकुरात 'शेतमाल' आणि 'कमाल' दोन्ही शब्द आहेत का ते पाहा, आणि त्याच्या आत दुसरं टेबल नाही ना तेही पाहा, कारण बाहेरच्या मांडणीच्या टेबलातही तेच शब्द सापडतात. सगळ्यात आतलं ते आपलं.

मग रोस्पॅन, म्हणजे एक सेल खाली किती ओळींत पसरलाय ते सांगणारी खूण. समजा रकाने असे आहेत: शेतमाल, प्रत, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. कापसाच्या तीन प्रती आहेत आणि 'कापूस' हा सेल तीन ओळींत पसरलेला आहे. फाइलीत पहिल्या ओळीत सहा सेल आणि पुढच्या दोन ओळींत पाच-पाचच असतात. सरळ वाचत गेलात तर दुसऱ्या ओळीत 'मध्यम धागा' शेतमालाच्या रकान्यात जातो, आवक प्रतीच्या जागी, किमान भाव आवकेच्या जागी, कमाल भाव किमानच्या जागी. एरर येत नाही. आकडेही खरेच वाटतात, सात हजार क्विंटल आवक काही अशक्य नाही. म्हणून ही चूक सगळ्यात वाईट.

उपाय असा. 'बाकी' नावाची एक डिक्शनरी ठेवा, त्यात रकान्याचा नंबर आणि त्यापुढं मजकूर व अजून किती ओळी उरल्या ते. प्रत्येक टीआर (टेबलची ओळ) साठी रकाना शून्यापासून सुरू करा. त्या नंबरला 'बाकी' मध्ये काही असेल तर तो मजकूर ठेवा, उरलेल्या ओळी एकने कमी करा, शून्य झाल्या तर नोंद काढा आणि पुढच्या रकान्यावर जा. नसेल तर ओळीतला पुढचा सेल उचला, कोलस्पॅन (सेल आडवा किती रकान्यांत पसरलाय) जितका तितके रकाने त्याच मजकुराने भरा, आणि रोस्पॅन एकाहून जास्त असेल तर त्यातला एक वजा करून 'बाकी' मध्ये टाका. सेल संपले आणि 'बाकी' पण पुढं नाही, मगच ओळ पूर्ण. सेल शोधताना 'रिकर्सिव्ह फॉल्स' द्या म्हणजे आतल्या कशातले सेल मिसळत नाहीत. पंचवीस ओळींचं फंक्शन होतं. पांडास लायब्ररीत 'रीड एचटीएमएल' आहे, मधे अंडरस्कोर, ते रोस्पॅन स्वतः सांभाळतं, ज्यांना पांडास येतं त्यांनी ते वापरावं, पण जुन्या फॉन्टचं आणि तुटक्या काना-मात्रेचं काम त्याच्या आधी आपल्यालाच करावं लागतं.

आकडे आणि तारखा

एक आनंदाची गोष्ट, पायथनचं इंट मराठी आकडे सरळ घेतं, ७५२१ मराठीत असो का इंग्रजीत. फक्त स्वल्पविराम आधी काढा. तारखेला मात्र हे चालत नाही, आधी ट्रान्सलेटने आकडे इंग्रजी करून घ्या आणि मग 'स्ट्रिपटाइम' ला द्या.

जिथं भाव नाही, रेघ आहे, रिकामं आहे किंवा शून्य आहे, तिथं 'नन', म्हणजे पायथनमधलं 'काहीच नाही', ठेवा. शून्य ठेवलं तर महिन्याची सरासरी काढताना तो शून्य पण मोजला जातो आणि भाव पडल्यासारखा दिसतो. आवक नसलेला दिवस म्हणजे शून्य भावाचा दिवस नव्हे, शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही पण प्रोग्रामला लागतं.

तारीख पानातूनच घ्या. फाइलीची तारीख पेनड्राईव्ह बदलताना बदलू शकते, आणि रविवारी सेव्ह केलेल्या फाइलीत बरेचदा शनिवारचंच पान असतं. एकच तारीख, एकच समिती, एकच प्रत दोनदा आली तर एकच ठेवा.

चालवणे

प्रत्येक फाईल झाली की तिच्या ओळी लगेच सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली, एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) लिहा आणि फाइलीचं नाव 'झाल्या' यादीत. आमच्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी जुनी, एक हजार फाइली झाल्यावर बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून नको. सुरू करताना 'झाल्या' यादी वाचायची आणि त्या सोडून पुढं जायचं.

ट्राय-एक्सेप्टमध्ये नुसतं 'पास' लिहून चुका गिळू नका. जिथं टेबल सापडलं नाही, जिथं एरर आली, त्या फाइलीचं नाव आणि कारण तिसऱ्या यादीत लिहा. आमच्या शंभराहून जास्त फाइली त्या यादीत आल्या, बहुतेक नेट गेल्यामुळे अर्धवट सेव्ह झालेल्या. पण त्यातच एका वर्षाचं वेगळ्या मांडणीचं पान निघालं, ज्यात 'कमाल' च्या जागी 'जास्तीत जास्त' लिहिलं होतं. पास लिहिलं असतं तर तो अख्खा हंगाम गुपचूप गळाला असता.

मग तपासणी. प्रत्येक ओळीत किमान हा सर्वसाधारणपेक्षा जास्त नको आणि सर्वसाधारण कमालपेक्षा जास्त नको, हा एकच नियम रोस्पॅनच्या बहुतेक चुका पकडून देतो. भावाला वरची-खालची मर्यादा घाला, पण विचार करून. मी आधी कापसाला दहा हजाराची मर्यादा घातली होती आणि २०२२ च्या सगळ्या चांगल्या ओळी संशयितांत गेल्या, त्या वर्षी कापूस दहा हजाराच्या वर विकला गेला होता. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता, असले माहीत असलेले आकडे जवळ ठेवले की नजर टाकतानाच कळतं काय जमतं आणि काय नाही.

सीएसव्ही लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, नुसतं यूटीएफ-८ दिलं तर एक्सेल मराठीची परत तीच तिरक्या रेघेची गिचमिड करतं. आणि 'न्यूलाइन' रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर एकाआड एक रिकामी ओळ येते.

सगळं झाल्यावर मी काकाजींना बोलावलं. ते येताना प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्या जुन्या हिशोबपट्ट्या घेऊन आले, अडत्याकडच्या, काही पाण्याने भिजून सुकलेल्या. एक पट्टी काढायची, तारीख वाचायची, मी एक्सेलमध्ये ती तारीख लावायची आणि त्यांचा भाव त्या दिवशीच्या किमान-कमालमध्ये बसतो का पाहायचं. सहा बसल्या. सातवी पट्टी ३ नोव्हेंबरची, आणि त्या दिवशीची ओळच नाही. काकाजी म्हणाले, "असं कसं, त्या दिवशी यार्डात गाड्यांची रांग होती, मी सोता होतो ना." मी शोधलं तर ती ओळ ११ मार्चला जाऊन बसली होती. सीएसव्हीत मी तारीख ०३/११ अशी लिहिली होती आणि त्या कॉम्प्युटरवरच्या एक्सेलने महिना आधी धरून वाचली. तारीख बारापेक्षा मोठी असली की गडबड दिसते, पण प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या ओळी अशाच इकडच्या तिकडे झाल्या होत्या, आणि आमचा प्रश्नच मुळी नोव्हेंबर का मार्च असा होता.

तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी आडव्या रेघेने लिहा. मी ती एक ओळ बदलली, 'झाल्या' यादी रिकामी केली, प्रोग्राम परत लावला आणि आम्ही दोघं चहाला गेलो. परत आल्यावर काकाजींनी सातवी पट्टी पुन्हा पुढं केली आणि तिच्यापासूनच सुरुवात केली.